“पिसवा तर दिसत नाहीत”: मांजर अचानक खाजवायला लागते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षांची मांजर, कधीच घराबाहेर न जाणारी. गेल्या आठवड्यापासून मान आणि कानांमागचा भाग सारखा खाजवतेय, रात्री त्या आवाजाने घरच्यांची झोप मोडते. मानेवर हात फिरवला की केसांखाली बारीक खपल्या लागतात. केस बाजूला करून पाहिले, पिसवा दिसल्या नाहीत. शाम्पूने आंघोळ घातली, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. घरात कुत्राही आहे. त्याच्यासाठी आणलेलं, मानेवर टाकायचं पिसवांचं औषध शिल्लक आहे, तर त्यातलं अर्धं मांजरीला चालेल का?

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते, बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल. नाही. अर्धं नाही, एक थेंबही नाही. कुत्र्यांच्या अशा बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि ते चांगलंच तीव्र असतं, काहींत ४० ते ५० टक्क्यांच्याही वर. कुत्र्याचं यकृत त्याचा निचरा करू शकतं, मांजराच्या यकृताला ते जवळजवळ जमत नाही. काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशी, कान फडफडायला लागतात, लाळ गळते, कातडी थरथरते, मग सगळं अंग कापायला लागतं आणि झटके येतात. “अर्धंच टाकलं होतं हो” हे वाक्य मी कापणारं मांजर टेबलावर धरून बरेचदा ऐकलं आहे. टाकून झालंच असेल आणि मांजर अजून ठीक असेल, तर कोमट पाणी आणि भांडी घासायचं पातळ साबण घेऊन ती जागा धुवा, टॉवेलने पुसून तिला उबेत ठेवा, चाटू देऊ नका आणि औषधाचं पाकीट घेऊन लगेच दवाखाना गाठा. कापायला लागली असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, सरळ निघा.

आता खाजेकडे वळू. मालक “अचानक” म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात, पण कातडीच्या बाबतीत खरोखर अचानक असं फार थोडं घडतं. प्रत्येक मांजराला खाज सहन करायची एक मर्यादा असते. अंगावर दोन-तीन पिसवा, घरातली धूळ, एखाद्या खाण्याची थोडी ॲलर्जी, यातली एकेक गोष्ट त्या मर्यादेच्या आत असते आणि मांजर गप्प राहतं. मग आणखी एका छोट्या गोष्टीची भर पडते आणि एका रात्रीत खाजवणं सुरू होतं. शेवटचा थेंब पडला म्हणून भांडं सांडतं, पण ते आधीच काठोकाठ भरलेलं असतं. घरचे मात्र तो शेवटचा थेंबच शोधत बसतात: नवी चटई आणली म्हणून असेल, फिनेल बदललं म्हणून असेल. शोधायला हरकत नाही, पण चटई परत करून खाज गेली असं मी क्वचितच पाहिलं आहे. या हिशेबाचा एक फायदाही आहे. भांड्यातली सगळीच भर काढावी लागत नाही. सोपी असलेली एक गोष्ट काढून टाकली तरी पातळी पुन्हा काठाखाली जाऊ शकते, आणि त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट बहुतेक वेळा पिसवा हीच असते.

तुम्ही म्हणाल, पण पिसवा तर नाहीत. दिसत नाहीत एवढंच तुम्हाला सांगता येईल. मांजराची जीभ हात लावून पाहिली असेल तर ती खरखरीत का असते हे कळेल. तिच्यावर मागे वळलेले बारीक काटे असतात, आणि त्या फणीने मांजर दिवसभर स्वतःला विंचरत असतं. ज्या मांजराला पिसवांची ॲलर्जी आहे ते तर अधिकच चाटतं, त्यामुळे सगळ्यात जास्त त्रास होणाऱ्या मांजराच्या अंगावरच पुष्कळदा सगळ्यात कमी पिसवा सापडतात. ती पिसू चाटून गिळलेली असते. म्हणूनच पिसवा असलेल्या घरातल्या मांजराच्या शेपटीखाली कधीकधी तांदळाच्या दाण्यासारखे वळवळणारे तुकडे दिसतात. ते पट्टकृमीचे तुकडे असतात आणि तो जंत पिसवेतूनच पोटात जातो. असा एक तुकडा दिसला तर मला वेगळा पुरावा लागत नाही.

आज संध्याकाळी एक गोष्ट करून पाहा. उवांसाठी मिळते तशी दाट दातांची फणी घ्या, मांजरीला पांढऱ्या कापडावर बसवा आणि मानेमागून, खांद्यांच्या मधून आणि विशेषतः शेपटीच्या बुडाशी अगदी कातडीला टेकवून विंचरा. फणीत जे येईल ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. केस येतील, कोंडा येईल, आणि कदाचित मिरपुडीसारखे काळे कण येतील. ते कण दोन मिनिटं तसेच राहू द्या, मग बोटाने हलके दाबा. साधी माती असेल तर ती काळीच राहते. कणाभोवती लालसर तपकिरी कडं पसरलं तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे तुमच्या मांजरीचंच वाळलेलं रक्त. दवाखान्यात मी हे मालकांच्या डोळ्यांसमोरच करते, कारण “आमच्या घरात पिसवा?” या प्रश्नावर त्या लाल कड्याइतकं चांगलं उत्तर माझ्याकडे दुसरं नाही. आणि हो, यात स्वच्छतेचा काही संबंध नाही. चकचकीत घरांतही पिसवा होतात. तुमच्याकडे तर बाहेर फिरून येणारा कुत्रा आहे, आणि मांजरांवरची नेहमीची पिसूच कुत्र्यांवरही असते. त्याच्या अंगावर बसून ती ऐटीत घरात येते. कुत्रा नसता तर माणसांच्या कपड्यांवरून, बुटांवरूनही आली असती.

कण सापडले नाहीत तरी मी पिसवांचे उपचार करायला सांगतेच. आमच्या कामातला हा जवळजवळ पहिला नियम आहे, आणि त्यातही लोक कालावधीत चुकतात. अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांच्या साधारण ५ टक्केच. बाकी ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात गाद्यांच्या शिवणीत, सोफ्याच्या फटीत, फरशीच्या सांध्यात असतात. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती गुळगुळीत असल्याने केसांतून घरंगळून मांजर जिथे झोपतं तिथेच पडतात. कोषातली पिसू तर हट्टी असते. उब आणि हालचाल जाणवेपर्यंत ती महिनोन्‌महिने आत बसून राहू शकते, आणि तिथवर बहुतेक फवारे पोहोचत नाहीत. म्हणून एकदा औषध टाकून पंधरा दिवसांत “फरक नाही” म्हणायला अर्थ नाही. घरातल्या सगळ्या प्राण्यांना, प्रत्येकाला त्याच्या जातीसाठी आणि वजनासाठी असलेलं औषध, निदान तीन महिने न चुकता द्यायचं. सोबत तिची अंथरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची आणि व्हॅक्यूम क्लीनर फटींतून फिरवायचा. उपचार सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिसवा वाढल्यासारख्या वाटतात. ते जुने कोष फुटत असतात, औषध वाया गेलेलं नसतं.

आंघोळीबद्दल एक. शाम्पूने अंगावरच्या काही पिसवा वाहून गेल्या असतील म्हणून दोन दिवस आराम पडला, पण गादीतल्या अंड्यांना त्याने काय होणार? शिवाय मानेवर टाकायची बरीच औषधं कातडीच्या तेलातून अंगभर पसरतात. नुकतीच आंघोळ झाली असेल तर हे तेल कमी असतं, म्हणून मध्ये दोन दिवस जाऊ द्या.

पिसवा बाजूला ठेवल्या तर मी पुढचं सगळं वाचते ते खाजवण्याच्या जागेवरून. जीभ जिथे पोहोचते तिथे मांजर चाटतं आणि जिथे पोहोचत नाही तिथे मागच्या पायाच्या नखांनी खाजवतं. म्हणून पोटावर, मांड्यांच्या आत, कुशीवर टक्कल पडतं पण जखम नसते, आणि मान, गाल, कपाळ इथे केस शाबूत असले तरी खाली ओरबाडलेलं मांस दिसतं. मानेवर आणि पाठीवर हाताला लागणाऱ्या बारीक खपल्यांना आम्ही मिलिअरी डर्मटायटिस म्हणतो. बाजरीसारखं धान्य पसरल्यासारखं लागतं म्हणून ते नाव. नाव भारदस्त असलं तरी तो आजार नव्हे, ते नुसतं लक्षण आहे. पिसवा, खाणं, धूळ, बुरशी, कशानेही येतं. वरच्या ओठावर बिनदुखणारा खोलगट व्रण किंवा पोटावर लाल, ओलसर उंचवटा दिसला तर तोही बहुधा ॲलर्जीच्याच घरातला असतो.

चाटणं लोकांच्या नजरेतून सुटतं, त्यामुळे त्याबद्दल थोडं जास्त सांगते. मांजर स्वच्छ प्राणी आहे असं आपण म्हणतो आणि तासन्‌तास चाटताना बघून कौतुक करतो. काही मांजरं तर पलंगाखाली जाऊन चाटतात. मग पोट गुलाबी दिसायला लागतं आणि मालक सांगतात, “केस गळतायत.” त्यातले चार केस उपटून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरते. टोकं निमुळती असतील तर केस गळतोय, कात्रीने कापल्यासारखी तुटकी असतील तर मांजर तो तोडतंय. उलटीत वारंवार केसांचे गोळे येत असतील तरी तोच अर्थ. घरात जुना मोबाइल असेल तर रात्री मांजर झोपते तिथे तो रेकॉर्डिंगला लावून ठेवा. मी तासभर तपासून जे कळत नाही ते त्या दहा मिनिटांत दिसतं.

तुमच्या वर्णनात कान आहेत, म्हणून कानात बघाच. टॉर्च घेऊन आतला भाग पाहा. वाळलेल्या कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट, कोरडी घाण असेल आणि कानाच्या बुडाशी बोट फिरवल्यावर मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागत असेल, तर कानातले किडे, म्हणजे कर्णकीटक असण्याची शक्यता मोठी. पिल्लांत आणि नव्याने घरात आलेल्या मांजरांत ते फार दिसतात, कुत्र्यालाही लागतात. त्यांचं जीवनचक्र साधारण तीन आठवड्यांचं असल्याने उपचार तेवढे दिवस टिकावे लागतात. काळ्या घाणीचं दुसरं कारण यीस्टचं इन्फेक्शन असू शकतं आणि त्याचं औषध वेगळं, म्हणून घाणीचा ठिपका काचपट्टीवर घेऊन पाहिल्याशिवाय मी थेंब लिहून देत नाही. घरी कापसाच्या काडीने कान कोरू नका. घाण आत ढकलली जाते, आणि पडदा फाटलेला असेल तर साधे थेंबही आतल्या कानाला महागात पडतात. जोरजोरात डोकं हलवून कानाची पाळी फुग्यासारखी सुजली तर आत रक्त साचलेलं असतं. ते घरी दाबून जात नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं.

खरूज ओळखायला सोपी असते. कानाच्या कडांवर, मग कपाळावर आणि चेहऱ्यावर जाड, राखाडी खपल्यांचा थर चढतो आणि मांजर अक्षरशः वेडं होतं. ती दुसऱ्या मांजरांना पटकन लागते, माणसाच्या हातावरही काही दिवस पुरळ उठवते. गजकर्णाचं मात्र उलट आहे. त्यात खाज बहुतेकदा कमीच असते, पण गोल चट्टे, तुटके केस आणि घरातल्या एखाद्या मुलाच्या अंगावर तशीच लाल कडी असेल तर मी आधी त्याचाच विचार करते. दवाखान्यातल्या अतिनील प्रकाशाच्या निळ्या दिव्याखाली केस हिरवे चमकले तर बरंच कळतं, चमकले नाहीत म्हणून बुरशी नाही असं मात्र म्हणता येत नाही.

आता ॲलर्जी. पिसवांचे उपचार नीट झाले, कान स्वच्छ, बुरशी नाही, तरी खाज आहे, तेव्हा प्रश्न उरतो खाण्याचा किंवा धूळ-परागकणांचा. खाण्याची ॲलर्जी शोधायचा एकच भरवशाचा मार्ग आहे आणि तो कंटाळवाणा आहे: आठ आठवडे असं एकच अन्न, ज्यातलं प्रथिन मांजराने आधी कधी खाल्लेलं नाही किंवा जे इतकं तोडलेलं आहे की शरीराला ओळखू येत नाही. त्या काळात दुसरा एकही घास नाही, चव लावलेली गोळीसुद्धा नाही. खाज कमी झाली की जुनं अन्न मुद्दाम परत द्यायचं आणि खाज परत येते का बघायचं. इथे बहुतेक घरं पाचव्या आठवड्यात आजीच्या दयेपुढे हरतात. रक्ताच्या तपासणीतून खाण्याची ॲलर्जी कळते असं कुणी सांगितलं तर पैसे वाचवा, ते निकाल विश्वासाचे नसतात. “मी अन्न बदलून पाहिलं, फरक पडला नाही” यालाही फारसा अर्थ नसतो. पाकिटावरचं नाव बदललं तरी आतलं कोंबडी किंवा मासळीचं प्रथिन तेच असतं. अन्न बदलताना आठवडाभर जुन्यात नवं मिसळत जा. नवं खात नाही म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका, दोन-तीन दिवसांच्या उपासानेही मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साचू शकते.

“ताणामुळे करत असेल का?” हा प्रश्न मला रोज येतो. ताण असतो, मी नाकारत नाही. नवं बाळ, नवं मांजर, घरबदल यांनी चाटणं वाढतं. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक कारणाने केस चाटतात असं ठरवून पाठवलेल्या २१ मांजरांची कसून तपासणी केली, तेव्हा निव्वळ मानसिक कारण फक्त दोघांत निघालं. बाकीच्यांना खरोखर खाज सुटत होती, बहुतेक ॲलर्जीची. तेव्हापासून मी ताण हे निदान सगळ्यात शेवटी ठेवते. त्याच्या आधी आणखी काही दारं ठोठावते. पोटाच्या खालच्या भागावरच चाटत असेल तर मूत्राशय दुखतंय का. म्हातारं मांजर एकाच सांध्यावर चाटत असेल तर तो सांधा दुखतोय का. थायरॉइडची मेथिमॅझोलची गोळी चालू असेल आणि चेहरा-मान ओरबाडत असेल तर ती गोळीच कारण असू शकते, अशा वेळी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

खाज थांबवायला घरात जे सापडेल ते लावायचा मोह सगळ्यांना होतो. जे लावाल ते मांजर चाटणार, हे एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे अपघात टळतील. टी ट्री तेल, कापूर, रॉकेल, फिनाइल यातलं काहीही नको. माणसांच्या खरजेचं बेंझिल बेंझोएट नको. वेदनेसाठी पॅरासिटामॉल तर कधीच नको, एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्यांपैकी काही आम्हीही वापरतो, पण सर्दीच्या औषधांबरोबर मिसळलेल्या गोळ्या धोकादायक असतात, आणि मात्रा वजनावर ठरते. मधल्या काळात तुम्हाला करता येण्यासारखं आहे ते साधं: मागच्या पायांच्या नखांची टोकं कापा, कापायची सवय नसेल तर गळ्यात मऊ कॉलर घाला, जखमा फक्त मिठाच्या कोमट पाण्याने पुसा. एक लिटर पाण्याला चहाचे दोन सपाट चमचे मीठ पुरे.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल माझीच एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एक बोका यायचा, मानेवर अशाच खपल्या. महिनाभर काम करणारं इंजेक्शन दिलं की तिसऱ्या दिवशी तो शांत, मालक खूश, मीही खूश. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. असं चार-पाच वेळा झालं. मग एकदा मालक सहज म्हणाले, “हल्ली पाण्याचं भांडं सारखं रिकामं होतं.” रक्तातली साखर तपासली, मधुमेह. त्याच दिवशी त्याच्या शेपटीच्या बुडाशी पहिल्यांदा फणी फिरवली. ओल्या कापसावर लाल कडी. मधुमेह पुढे इन्सुलिनने आटोक्यात आला, बोका जगला, पण इतके महिने मी फणी उचलली नव्हती. स्टिरॉइड वाईट नाहीत. खाजेने मांजर स्वतःला फाडत असेल तेव्हा थोड्या दिवसांच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मी आजही देते, मात्रा हळूहळू उतरवता येते म्हणून. दीर्घकाळ लागणार असेल तर सायक्लोस्पोरिनसारखे पर्याय आहेत. पण कारण न शोधता दर दोन महिन्यांनी इंजेक्शन मागू नका, आणि कुणी दिलं तर विचारा, “पिसवांचं आणि कानांचं तपासलं का?”

वाट न पाहता दवाखान्यात न्यायच्या वेळा वेगळ्या आहेत. चेहरा किंवा पापण्या अचानक सुजल्या, तोंड उघडं ठेवून श्वास घेतेय, जखमेतून पू किंवा सतत रक्त येतंय, डोकं एका बाजूला कलतंय, एक दिवसभर काही खाल्लं नाही. पिल्लू असेल आणि हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर तेही तातडीचं. भरपूर पिसवा लहान पिल्लाचं एवढं रक्त पिऊ शकतात की ते दगावतं.

तुमच्या मांजरीला यातलं काही नाही असं वर्णनावरून दिसतं, त्यामुळे दोन-तीन दिवसांत साधी वेळ घेऊन गेलात तरी चालेल. जाण्याआधी आंघोळ घालू नका, कान पुसू नका, मला किंवा कुठल्याही डॉक्टरला पुरावा जागेवर हवा असतो. खाजेला शून्य ते दहा असे गुण रोज लिहा, खाजवण्याला वेगळे आणि चाटण्याला वेगळे. गेल्या तीन महिन्यांत दोन्ही प्राण्यांना कुठलं औषध कधी दिलं ते लिहून न्या. आणि कुत्र्यालाही त्याच दिवशी औषध सुरू करा. नवं घेताना “घरात मांजर आहे, पर्मेथ्रिन नको” असं सांगून घ्या. ते शिल्लक असलेलं पाकीट संपवायला म्हणून कुत्र्यावरही टाकू नका. दोघं एकाच गादीवर झोपत असतील तर त्याच्या मानेवरचं ओलं औषध ती रात्री चाटून घेईल.